आपल्या हातातली कात्री

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे माणसाचे काय काय मागे राहते याची यादी आम्ही एकदा सवडीने करून पाहिली होती. दूधवाला मागे राहतो, वाणी मागे राहतो, मुलांची शाळा राहते, आणि शेजारच्या घरातून येणारी चटणीची वाटीही राहते. यांपैकी बहुतेकांची भरपाई नव्या गावी महिन्याभरात होते. शेवटपर्यंत जो मनासारखा मिळत नाही तो न्हावी. दूध पाणचट निघाले तर चहा बिघडतो आणि तेवढ्यावर भागते. केस वेडेवाकडे कापले गेले तर मात्र तेच डोके घेऊन साहेबांपुढे, हाताखालच्या मंडळींपुढे आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात महिनाभर वावरावे लागते.

शिवाय न्हाव्याच्या खुर्चीत भाषेची जी परीक्षा होते ती कोणत्याही लोकसेवा आयोगाने कधी घेतली नसेल. कानावरचे जरा कमी करा, मागे पायरी राहू देऊ नका, कल्ले मध्यम ठेवा, एवढे मराठीत आपण एका दमात सांगू. परप्रांतात तेच सांगताना हातवारे सुरू होतात, आणि पांढरी चादर गळ्याशी घट्ट बांधलेली असल्यामुळे तेही चादरीच्या आतच राहतात. म्हणून आम्ही एक नियम केला : नव्या गावी पाऊल ठेवताच ‘पुरे’ या अर्थाचा शब्द आधी पाठ करायचा. चेन्नईत ‘पोदुम’, बंगळुरात ‘साकु’, कोचीत ‘मदि’. हैदराबादेत मात्र मराठी माणसाची पंचाईत ठरलेली. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. आपण मोठ्या उदारपणे ‘चालू द्या’ म्हणावे, आणि समोरच्याने लगेच कात्री खाली ठेवावी!

विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. डोके दुसऱ्याच्या हाती देणे ही लहान बाब नव्हे. मराठी भाषेला हे फार पूर्वी कळले आहे. विश्वासघाताला आपण ‘केसाने गळा कापणे’ म्हणतो, सुरक्षितपणाची हमी ‘केसालाही धक्का लागणार नाही’ अशी देतो, आणि वरिष्ठांच्या दालनातून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येणाऱ्या सहकाऱ्याची आज ‘बिनपाण्याने’ झाली, हे सांगायला दुसरा शब्द लागत नाही. वस्तरा मानेवर असताना कोणत्याही दर्जाचा अधिकारी हुज्जत घालीत नाही. जन्माची ओळख असलेल्या गावच्या न्हाव्यापुढे आपण जी मान निर्धास्त वाकवतो, ती परक्या गावी थोडी ताठच राहते.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत आमच्या घरात ही कात्री परक्या हातातून निघून घरच्या हातांत आली, आणि ती येताना आपल्याबरोबर आणखी बरेच काही घेऊन आली.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा आम्ही दिल्लीत होतो. सरकारी वसाहतीच्या भिंतीला आरसा टांगून, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची मांडून बसणारा आमचा न्हावी एका रात्रीत दिसेनासा झाला. सलूनांची दारे बंद झाली. डोक्यावरचे केस मात्र कोणत्याही हुकमाला जुमानीत नाहीत. ते महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटीमीटर या आपल्या ठरलेल्या वेतनश्रेणीने वाढतच राहिले. मे महिना उजाडेपर्यंत आमचे कान दिसेनासे झाले होते. शेवटी एका रविवारी सौ.ने शिवणाच्या पेटीतली कात्री बाहेर काढली. ज्या घरात कापडाची कात्री कागदाला लावली तर दोन दिवस अबोला होतो, त्या घरात ती आमच्या केसांसाठी निघावी, हा आम्ही सन्मानच समजलो.

आपले केस आपणच कापू पाहणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत जे ज्ञान होते ते पुस्तकात मिळत नाही. कात्रीला धार हवी. बोथट कात्री केस कापीत नाही, दुमडून ओढते. केस किंचित ओले असावेत म्हणजे फणीखाली नीट बसतात. पण ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो, म्हणून ओल्यात दोन बोटे कापले तर वाळल्यावर तीन बोटे गेल्यासारखे दिसतात, आणि कुरळ्या केसांत हा फरक आणखी मोठा असतो. तेव्हा जेवढे कापावेसे वाटते त्याच्या निम्मे कापावे. एकेक पदर बोटांच्या चिमटीत धरावा आणि कात्री आडवी सरकावण्याऐवजी उभी धरून टोके टिपीत जावे, म्हणजे पायऱ्या पडत नाहीत. समोरचे आणि बाजूचे काम आरशासमोर एकट्याने साधते.

अडचण येते ती मागच्या बाजूला. एक आरसा समोर, दुसरा हातात धरून मागे, असे करून पाहावे तर हात पुढे नेला की तो आरशात जवळ येतो की दूर जातो याचाच निकाल लागत नाही. शिवाय एक हात आरसा धरण्यात गुंतलेला, मग फणी कोणी धरायची आणि कात्री कोणी? माणसाला आपल्या डोक्याची मागची बाजू जन्मभर प्रत्यक्ष दिसत नाही. जगाला मात्र तीच बराच वेळ दिसत असते. तेथे दुसऱ्या माणसावाचून गत्यंतर नाही. सौ. म्हणाली, “अहो, मान खाली घ्या.” पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचे पुष्कळ ऐकले असेल, पण इतक्या निमूटपणे मान खाली घातल्याचे आठवत नाही. गॅलरीत पसरलेल्या वर्तमानपत्रावर करडे केस पडत होते, रस्ता ओस होता, आणि मानेवर एक ओळखीचा हात होता. त्या दिवसांत बाहेरून येणारी प्रत्येक बातमी धास्तीची असे. तो अर्धा तास मात्र आम्हांला फार निवांत गेला.

घरातली कात्री अशी स्थिरावत होती तोच आमच्या मुलीने निराळाच प्रश्न उभा केला. ती तेव्हा बारा वर्षांची होती. तिचे केस थेट आजीच्या माहेरचे : दाट, कुरळे, फणीला दाद न देणारे. दिल्लीच्या शाळेत त्यांवरून तिला ‘नूडल्स’ म्हणत. पण शाळेत निदान आपला चेहरा आपल्याला दिसत नसतो. २०२० नंतर वर्ग पडद्यावर भरू लागले आणि पोर दिवसाचे पाच तास इतर चाळीस चेहऱ्यांच्या रांगेत आपलाही चेहरा पाहू लागली. वर्षभरात तिने साठवलेल्या पैशांतून केसांची इस्त्री, म्हणजे ज्याला मुली स्ट्रेटनर म्हणतात ते यंत्र, मागवले. रोज सकाळी वर्गाआधी तापलेल्या दोन पट्ट्यांमधून एकेक बट ओढली जाऊ लागली, आणि रोज सकाळी मायलेकींचा वाद होऊ लागला. सौ.चे म्हणणे, देवाने दिलेले असे केस जाळून का घ्यावेत? मुलीचे म्हणणे, ते देवाने तुला दिलेले नाहीत, मला दिलेले आहेत. आम्ही नस्तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून दोन्ही पक्षांपासून सुरक्षित अंतर राखले.

या वादाच्या निमित्ताने आम्ही थोडे वाचन केले. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातील साखळ्या दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. एक बंध गंधकाचा, तो भक्कम. दुसरा हायड्रोजनचा, तो संख्येने पुष्कळ पण स्वभावाने दुबळा. उष्णतेने किंवा पाण्याने हा दुसरा बंध सुटतो आणि थंड झाल्यावर वा वाळल्यावर केस ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतो. इस्त्रीची किमया एवढीच. म्हणून ती पाण्याचा हात लागेपर्यंतच टिकते. कायमचे सरळ करणारी औषधे गंधकाच्या बंधावरच घाव घालतात. तेही केसाच्या बाहेर आलेल्या भागापुरते, कारण मुळातून नवा केस निघतो तो पुन्हा कुरळाच निघतो. शिवाय अशा काही औषधांतून, ती तापवली म्हणजे, फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटते, आणि कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ साली त्या द्रव्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. औषधे घरात येणार नाहीत, एवढा एकच निर्णय आम्ही अधिकारवाणीने दिला, आणि तो मुलीने मान्य केला. इस्त्रीबाबत एक सूचना तेवढी केली : ओल्या केसांवर ती फिरवू नये, आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. बाकी वाद चालू राहिला; येथे मराठी अर्थाने चालू.

२०२२ च्या जून महिन्यात आमची बदली कोचीला झाली, आणि जो वाद आम्हांला मिटवता आला नव्हता तो तेथल्या हवेने हाती घेतला. दिल्लीचा उन्हाळा कोरडा. तेथे इस्त्री केलेले केस संध्याकाळपर्यंत हुकमात राहत. कोचीत पावसाळा सुरू झालेला. कन्या सकाळी सरळ केसांनी घराबाहेर पडे आणि शाळेची बस पुलापर्यंत पोचते न पोचते तोच कपाळावरची पहिली बट वळण घेऊ लागे. जिनेव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ साली हवेतील दमटपणा मोजण्याच्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात मुख्य अवयव माणसाचा केस हाच होता. तेल काढून स्वच्छ केलेला केस कोरड्या हवेतून दमट हवेत नेला की शंभरात दोन-अडीच भागांनी लांबतो. त्या केसाला काटा जोडला की झाले यंत्र. पुढे वेधशाळांतून अशी यंत्रे दीर्घकाळ वापरात होती. आमच्या घरी ते यंत्र रोज सकाळी दप्तर पाठीवर टाकून शाळेत जात होते. दुसरी गोष्ट अशी, की त्या वर्गात दाट कुरळ्या केसांच्या मुली पुष्कळ होत्या. खोबरेल तेल लावून, न्हाऊन, केस मोकळे सोडून त्या येत, आणि त्यांना कोणी काही म्हणत नसे.

त्याच पावसाळ्यात आमची आई काही महिन्यांसाठी राहायला आली. तिचे वय तेव्हा एकोणऐंशी. सौ.ला वाटले, आता आपल्या बाजूने एक भक्कम मत पडणार. आई पहिल्याच सकाळी नातीच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि तो सगळा सोहळा शेवटपर्यंत पाहत राहिली. सौ. म्हणाली, “बघा ना आई, तुमच्याच वळणाचे केस, आणि ही त्यांना इस्त्री करते.” आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली. ती आम्हीही तोवर ऐकली नव्हती.

आईच्या लहानपणी वाईच्या घरात तिची आजी होती, म्हणजे आमची पणजी. कोवळ्या वयात विधवा झालेली, आणि त्या काळी ब्राह्मणांच्या घरांत जी रीत होती तीप्रमाणे केस काढलेली. ठरलेल्या दिवशी न्हावी मागच्या दाराने येई. मुलांना पुढच्या ओसरीवर पिटाळले जाई. पण एकदा आई तुळशीआड लपून राहिली. तिने पाहिले ते एवढेच : आजी पाठ करून बसली होती, लाल आलवण खांद्यावर उतरले होते, आणि ती दोन्ही हातांनी जोत्याचा दगड घट्ट धरून होती. काम झाल्यावर तिने आलवण पुन्हा कपाळापर्यंत ओढले आणि ती स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी त्याच आजीने आईचे कुरळे केस तेल घालून, एकेक गुंता सोडवून विंचरले. आई म्हणाली, “माझ्या केसांना ती इतका वेळ का लावते ते मला तेव्हा कळत नसे. फणी खाली ठेवावीशी वाटत नसे तिला.”

हे सांगून आई नातीकडे वळली. “बयो, सरळ कर नाहीतर वाकडे कर. तुझ्या केसांवर तुझा हात आहे ना? मग मला बाकीचे काही नको.”

सौ. काही बोलली नाही. मुलीने इस्त्रीचे बटण बंद केले खरे, पण ते केस झाले होते म्हणून.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. आपल्या समाजात डोक्यावरचे केस हे ज्याच्या डोक्यावर आहेत त्याचे क्वचितच होते. तान्ह्याचे जावळ कधी काढायचे ते घरचे वडील ठरवीत, मुलाची शेंडी किती राखायची ते मौंजीच्या दिवशी ठरे, आणि विधवेचे केस काढायचे हे तिला सोडून बाकी सारे ठरवीत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूचे दुःख आपण सारे शाळेच्या वयात वाचून हळहळलो आहोत. त्या कादंबरीच्याच काळातली, १८९० सालची, एक घटना मात्र आपल्या तितकीशी लक्षात नसते. त्या वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा ठराव तेथे झाला. शास्त्रार्थ पंडित करीत होते, पत्रांतून वाद विद्वान घालीत होते. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी आपला हात मागे घेतला. पोटावर पाय येईल हे ठाऊक असून घेतला. आईच्या आजीपर्यंत तो ठराव पोचला नाही, हेही खरे. वाई मुंबईपासून तेव्हा फार दूर होती.

अशा घराण्यातील एक मुलगी रविवारी सकाळी गॅलरीत बसून आपल्या केसांची टोके आपल्या हाताने कापते, ती लांब ठेवायची की आखूड, सरळ की कुरळी, याचा विचार ती एकटी करते, ही वरवर पाहता किती किरकोळ बाब! पण तिच्यामागे तीन पिढ्यांचे अंतर आहे, आणि ते कोणत्याही बदलीच्या अंतराहून मोठे आहे. तिने पुढे इस्त्री टाकून दिली असे सांगून गोष्टीला बोधाचे शेपूट जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. यंत्र कपाटात आहे, स्नेहसंमेलनाच्या दिवशी निघते. रोजची इस्त्री मात्र पहिल्या पावसाळ्यातच थांबली. काही हवेमुळे, काही नव्या मैत्रिणींमुळे, आणि काही बहुधा जोत्याच्या त्या दगडामुळे. तिने कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

भाजून निघालेला केस पुन्हा सुधारत नाही. तो निर्जीवच असतो, जखम भरून यावी तसा तो भरून येत नाही. त्याला कापून टाकावे आणि नव्याची वाट पाहावी हाच उपाय. म्हणून तिने दर दोन महिन्यांनी दोन बोटे कापायचे ठरवले, म्हणजे वाढेल तेवढे जवळजवळ जाईल आणि लांबी तीच राहील. तिचे केस फूटभर लांब. यावरून आम्हांला एक हिशेब सुचला. केस जेथे वाढतो तेथले पाणी आपल्या घडणीत घेऊन वाढतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली असे दाखवले, की केसातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण पाहून तो माणूस कोणत्या भागातले पाणी पीत होता याचा अंदाज करता येतो. म्हणजे लांब केसांच्या माणसाच्या पाठीवर त्याचे सर्व्हिस बुकच रुळत असते : मुळाशी चालू नेमणूक, टोकाला जुनी. महिन्याला सव्वा सेंटीमीटर या दराने तिच्या केसांत यमुनेचे पाणी संपायला दोन वर्षे लागणार होती.

२०२४ च्या पावसाळ्यात तो दिवस आला असावा. तिला त्याचे काही विशेष वाटल्याचे दिसले नाही. वर्तमानपत्र अंथरून, फणी आणि कात्री घेऊन ती बसली. समोरचे झाले, बाजूचे झाले. मग तिने केस दोन्ही हातांनी मागे टाकले, कात्री उलटी करून मूठ आमच्याकडे केली आणि म्हणाली, “बाबा, मागचे तेवढे सारखे करा. दोन बोटेच हं, जास्त नको.”

आम्ही कात्री घेतली. कोची असो की कोठेही असो, ‘पुरे’ म्हणजे केव्हा ते आता तीच सांगणार होती.